खिडकीकडची बाजू

६ एप्रिल, सोमवार

आज सकाळी ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती आणि मी तिच्या पायांना तेल चोळत होतो. एकदम म्हणाली, "अहो, थोरले कुठे गेले?"

"जातात कुठे? उभे आहेत जागेवर."

"झाडात मिसळून गेलेत. कुठलं झाड आणि कुठले ते, काही कळत नाही."

मी वळून पाहिलं. बोलणं खोटं नव्हतं तिचं. थोरल्यांचा, म्हणजे या विद्यालयाच्या मूळ गुरूंचा, पुतळा आमच्या खोलीसमोर, मोकळ्या आवाराच्या पलीकडे आहे, फार लांब नाही. पण ब्राँझ काळपट हिरवं आहे आणि मागची झाडीही तशीच. आम्ही या धर्मविद्यालयात नोकरीला आलो त्याच्या आधीपासून पुतळा इथे आहे. सकाळी उठलं की आधी त्यांच्याकडे बघायचं आणि मग शेगडी पेटवायची, हा तिचा नेम. मला असा नेम कधी जमला नाही. माझी भक्ती म्हणजे प्रार्थनागृह झाडायचं, समया-दिवे घासायचे, घंटा द्यायची. माझी भक्ती पगारी, तिची बिनपगारी.

ही डायरी लिहायलाही तिनेच बसवलंय. म्हणाली, "तुम्ही मनातलं बोलत नाही. निदान लिहा तरी. मला वाचून दाखवू नका म्हणजे झालं."

९ एप्रिल, गुरुवार

दवाखान्यात नेऊन आणलं. साखर जुनी आहे हे माहीतच होतं. आता मूत्रपिंडं थकली म्हणतात. डॉक्टर कागद बघत बोलत होते, माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी म्हणाले, "डोळेही दाखवून घ्या एकदा. साखरेत डोळ्यांवर परिणाम होतो."

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "डोळ्यांना काय धाड भरलीय माझ्या? तेवढीच एक वस्तू शाबूत आहे."

डॉक्टर हसले. मीही हसलो. येताना रिक्षातून उतरताना तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की वळ उठला. अशक्तपणा फार आलाय.

"आता काय काय खाऊ घालायचं?" एवढंच मी डॉक्टरांना विचारलं. दुसरं विचारायचं होतं.

१२ एप्रिल, रविवार

सुट्टी लागली. विद्यार्थी गेले, वसतिगृहाला कुलूप पडलं, प्राचार्य व्याख्यानांच्या दौऱ्यावर गेले. आवारात आता आम्ही दोघं आणि फाटकावरचा रखवालदार. त्याच्या मिशा आणि आवाज बघून सगळे त्याला कप्तान म्हणतात. त्याच्या हाताखाली एक कुत्रं सोडलं तर कोणी नाही.

मेहुणी आली. बायकोहून लहान, पण घरात पाऊल टाकलं की ती सगळ्यांची थोरली. आल्या आल्या म्हणाली, "भावजी, तुम्ही वाळलात आणि ताई सुजली. वाटणी बरी केलीत."

दोघी बहिणी गळ्यात पडल्या. हिने तिच्या तोंडावरून, कपाळावरून, नाकावरून हात फिरवला. पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. मेहुणी एकदम गप्प झाली. इतकी बडबडी बाई, पण जेवणापर्यंत तोंडातून शब्द नाही. आम्हाला मूलबाळ नाही. एकीला दुसरीच लेकीसारखी, त्यामुळे होत असेल तसं.

१५ एप्रिल, बुधवार

काल ती पलंगावरून उतरताना पडली. कडेच्या पुढेच पाय टाकला म्हणाली. लागलं नाही फारसं, पण भ्यायली. मेहुणी म्हणाली, "भावजी, या पलंगाचे पाय काढा. जमिनीलगत असू दे. पडली तरी बिछान्याच्या जाडीएवढंच पडेल."

मी पान्याने चारही पाय काढले आणि माळ्यावर ठेवले. पलंग फळीसारखा खाली बसला. खुर्चीत बसणं आता तिला झेपत नाही, तेव्हा दिवसभर तिथेच पडून असणार. मला एकच काळजी होती. विचारलं, "इथून खिडकी दिसते ना?"

"दिसते की."

"आणि थोरले?"

ती जराशी थांबली. "दिसतील. झाडापासून वेगळे झाले की दिसतील."

१७ एप्रिल, शुक्रवार

दिवे घासण्याचा वार. आज मला सुचलं ते लिहून ठेवतो.

प्रार्थनागृहातले पितळी दिवे दोन आठवडे हात नाही लावला तर हिरवे पडतात. लिंबू, मीठ, बारीक रेती. जोर लावला की आतून पुन्हा सोनं निघतं. हात चालत होते आणि डोळ्यांसमोर पुतळ्याच्या चौथऱ्यावरचं वाक्य आलं. थोरल्यांचंच वाक्य आहे: "काच पुसा. दिव्यापुढे हात जोडून बसू नका."

ते वाक्य मला माझ्या नावापेक्षा पाठ आहे. ती इथे आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी काम संपलं की मी तिला चौथऱ्यापाशी न्यायचो. दगडात कोरलेल्या अक्षरांतून तिचं बोट फिरवायचं. "क" ची गाठ कुठे, "च" चं पोट कुठे. गावच्या शाळेत गुरुजींनी मला पाटीवर शिकवलं, मी तिला दगडावर शिकवलं. थोरल्यांनी सगळी हयात हेच केलं होतं, प्रार्थना लोकांच्या बोलीत आणली आणि ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं त्यांना आत बसवून वाचायला लावलं. त्यामुळे मला तेव्हा फार बरं वाटायचं.

तर आज वाटलं, आपण इतकी वर्षं हात जोडत आलो आणि पुसायचं राहूनच गेलं. एवढा मोठा माणूस आपल्या डोळ्यांदेखत हिरवा पडला. इथल्या पंडितांना पुस्तकांतून सवड नाही, पण दिवे घासणारा तर मीच आहे ना?

शिवाय झाडापासून वेगळे होतील.

२० एप्रिल, सोमवार

शिडी आणून ठेवली. पायांपासून सुरुवात. रंग भलताच चिवट, लिंबाने हलेना. तारेची घासणी आणली, रेती आणली. दुपारपर्यंत उजव्या पायाचा अंगठा निघाला, असा लखलखीत की मला रडूच फुटलं.

मेहुणी खिडकीत उभी राहून ओरडली, "भावजी! जन्मात घरातलं एक पातेलं घासलं नाहीत आणि आता एकदम थोरल्यांनाच धरलंत!"

कप्तान येऊन बघून गेला. "वरून परवानगी आहे का?" म्हणाला.

मी चौथऱ्यावरच्या वाक्याकडे बोट दाखवलं. त्याने ते वाचलं, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाला, "लेखी आहे म्हटल्यावर आपण काय बोलणार?"

संध्याकाळी तिला विचारलं, "काही फरक?"

"फरक म्हणजे? तोंड केवढं उजळलं हो त्यांचं."

मी आज फक्त अंगठा केला होता. पण मी तिला सुधारलं नाही. श्रद्धेचे डोळे पुढचं बघतात, असं प्रवचनात ऐकलंय.

२९ एप्रिल, बुधवार

गुडघ्यापर्यंत आलो. तळहातांना भेगा पडल्यात आणि त्यांत लिंबू जातं. पण वेदनेतही एक गंमत आहे. चोळत असतो तेव्हा मनात दुसरं काही येत नाही. शिडीवरून उतरलो की सगळं येतं.

आज खरं लिहितो. शिडीवर मी मनात म्हणतो, मी तुम्हाला उजळतो, तुम्ही तिला उठवा. लगेच लाज वाटते. थोरले आयुष्यभर ज्या व्यवहाराला नावं ठेवत आले तोच मी त्यांच्याच गुडघ्याशी बसून करतोय. पण ओठ थांबत नाहीत.

८ मे, शुक्रवार

कंबर, झग्याच्या चुण्या, डावा हात. चुण्यांत घासणी जात नाही, तिथे काडीला चिंधी गुंडाळून घासलं. उन्हात आता बघवत नाही. कप्तान म्हणतो, "मला काळा चष्मा मंजूर करा, नाहीतर मी पहारा देणार नाही. आणि लांबून वाटतं थोरल्यांना कोणीतरी नवरदेव केलंय."

रोज परतलो की मी विचारतो आणि ती सांगते. कधी "हात दिसतो", कधी "झग्याचा काठ चमकतो". आज म्हणाली, "पाखरू बसलं होतं खांद्यावर." मेहुणी भाकरी थापत होती, ती उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. पाणी असं वाया घालवू नये. पण पाहुणीला कसं सांगणार?

ही आता हाताने बघून पेला उचलते. बोटं आधी चटईवरून सरकतात, मग पेल्याला लागतात. म्हाताऱ्या बायकांसारखं. मी चेष्टा केली तर म्हणाली, "म्हातारी तुमच्यामुळेच झाले."

१७ मे, रविवार

तिने हट्ट धरला की पुतळ्यापाशी न्या. कप्तानने विद्यालयाच्या दवाखान्याच्या खोलीतली चाकांची खुर्ची काढून दिली, उशांचा आधार देऊन तिला बसवलं. मेहुणी छत्री धरून, मी ढकलत, कुत्रं पुढे. मिरवणूकच होती.

तिथे पोचल्यावर तिने डोळे मिटले आणि चौथऱ्यावर हात ठेवला. अक्षरं बोटाने शोधली. "का… च… पु… सा." हळूहळू सगळं वाचलं. चौथरा बुटका आहे, मग हात वर नेला तो थेट पुतळ्याच्या पायावर. ऊन पिऊन ब्राँझ गरम झालं होतं. तिने पंजा चाचपला, घोटा चाचपला.

"किती गुळगुळीत," म्हणाली. "लहान मुलाच्या पायासारखा." मग एकदम, "तुमचे हात द्या इकडे."

मी दिले. तिने माझ्या भेगांवरून बोटं फिरवली, अक्षरांवरून फिरवली तशीच. परत येताना वाटेत म्हणाली, "आता बास करा. खूप छान झालंय."

मी म्हटलं, "तोंड राहिलंय अजून."

"तोंड कधीच झालंय," ती म्हणाली.

२६ मे, मंगळवार

संपलं. शेवटी डोळे केले, थोरल्यांचे. कापसाने, हळू, जणू दुखेल.

शिडी काढली आणि लांब जाऊन पाहिलं. सूर्य उतरत होता. पुतळा कोणीतरी आत दिवा लावल्यासारखा पेटला होता. मी धावत खोलीत आलो. "बघ! आत्ता बघ!"

तिने मान खिडकीकडे वळवली. बराच वेळ बघत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं.

"दिसताहेत," ती म्हणाली. "चमकताहेत हो."

गेल्या कित्येक महिन्यांत मी आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१ जून, सोमवार

प्राचार्य दौऱ्यावरून आले. गाडी फाटकातून आत आली आणि मधेच थांबली. ते उतरले आणि बॅग हातात धरूनच पुतळ्यासमोर उभे राहिले. मी जवळ जाऊन नमस्कार केला.

"कोणी केलं हे?"

"मीच. सुट्टीत केलं. कोणाला बोललो नाही. बोलून केली तर ती सेवा कसली?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं," म्हणाले आणि चहा न घेता कार्यालयात गेले. डोळ्यांत पाणी होतं असं मला वाटलं. भरून आलं असणार.

२ जून, मंगळवार

भरून आलं नव्हतं.

आज बोलावून खुर्चीत बसवलं. मला तिथे कधी बसवत नाहीत, तेव्हाच ओळखायला हवं होतं. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर सोपं गेलं असतं. म्हणाले, "तो मळ नव्हता. तो रंग होता. शिल्पकाराने धातू आगीने तापवून, औषधं लावून, थरावर थर चढवला होता. पुतळा बसला त्याच वर्षी तो गेला. त्याच्या हातचं शेवटचं काम ते."

मी हात मांडीखाली घेऊन बसलो. भेगा दिसू नयेत म्हणून.

"तुम्हाला कसं माहीत असणार?" ते म्हणाले. "चूक आमची. चौथऱ्यावर वाक्य लिहिलं आणि अर्थ सांगितला नाही."

तेही माझ्या समाधानासाठी बोलले असतील. अर्थ मला कळत होता. थोरले माणसाच्या मनाबद्दल बोलत होते हे दुसरीतलं पोरही सांगेल. मला हवा तो अर्थ मी काढला, कारण मला ते खिडकीतून दिसायला हवे होते.

पुढच्या महिन्यात विद्यालयाचा समारंभ आहे. त्याआधी शिल्पकाराच्या हाताखालचा एक ओतारी, धातूचं ओतकाम करणारा, येऊन परत रंग चढवणार. "पहिल्यासारखा नाही होणार," प्राचार्य म्हणाले, "पण जवळपास होईल."

मी उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाकडे काही मागितलं. "ती बरी होईपर्यंत थांबता येईल का? ती रोज बघते. तेवढाच विरंगुळा."

"कधीपर्यंत बऱ्या होतील?"

"होईल की. उन्हाळा सरला की."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीपाशी गेले, तिथून आमची खोली दिसते. "समारंभ पुढे नाही ढकलता येणार," म्हणाले. "पण एक करतो. तुमच्या खिडकीकडची बाजू शेवटी करायला सांगतो. अगदी शेवटी."

हा माणूस मला नुसता पुस्तकी वाटायचा.

१० जून, बुधवार

ओतारी आला. बोलघेवडा, तोंडात सदानकदा लवंग, भुवया अर्ध्या जळालेल्या. पुतळ्याभोवती एक फेरी मारून मला म्हणाला, "मालक, तुमच्या मनगटाला मानलं. हा रंग काढायला आम्ही यंत्र लावतो. तुम्ही हाताने काढलात?"

"लिंबू आणि रेती."

"आणि काय?"

"नवस" असं तोंडात आलं होतं. "काही नाही," म्हटलं.

गॅसच्या झोताने पाठ तापवतो, कुंचल्याने औषध मारतो. फुस्स आवाज होतो, वाफ उठते आणि सोनं मावळतं. मी पहिल्या दिवशी थोडं पाहिलं आणि प्रार्थनागृहात जाऊन आधीच झाडलेली फरशी परत झाडली.

तिला काही सांगितलेलं नाही. मेहुणीलाही बजावलं, "ताईला बोलायचं नाही."

मेहुणीने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "नाही बोलत भावजी. या घरात मी आता न बोलण्याचीच चाकरी करतेय."

१६ जून, मंगळवार

थोरले अर्धे झालेत. फाटकाकडून काळे, आमच्याकडून सोन्याचे. कप्तान म्हणतो, "येणाऱ्याला एक, राहणाऱ्याला एक." ओतारी उगीच वेळ काढतोय, पाठीवरच परत परत मेण चोळतोय. प्राचार्यांनी सांगितलं असणार. मी त्याला दोनदा चहा नेऊन दिला.

तिचं अंग आता पाण्याने भरलंय. बोलताना दम लागतो. मेहुणी आणि मी मिळून कूस बदलतो. बसवली तरी बसत नाही, मान कलते. पण मी विचारलं की सांगते. आज म्हणाली, "ऊन आलंय त्यांच्यावर." आभाळ भरलेलं होतं. थोड्या वेळाने मात्र खरंच उघडलं.

२० जून, शनिवार

आज खिडकीकडची बाजू सुरू झाली. वाऱ्याने झोत विझतो म्हणून ओताऱ्याने बांबू रोवून पुतळा चारही बाजूंनी ताडपत्रीत गुंडाळला. मी म्हटलं, झालं, आता ती विचारणार.

आत गेलो. काय थाप मारायची ते ठरवून ठेवलं होतं, पाखरांनी घाण केली म्हणून झाकलंय वगैरे. तिने माझी पावलं ओळखली. मान वळवली आणि स्वतःच म्हणाली, "आज तर फारच चमकताहेत हो. तुमचा हात पुरा फिरला त्यांच्यावरून."

ताडपत्री पिवळी आहे. उन्हात तीही चमकते.

मेहुणी दारात उभी होती. "भावजी…" म्हणाली. तेवढ्यात ही म्हणाली, "तू गं, जा. दूध उतू जाईल." शेगडीवर दूध नव्हतं.

२४ जून, बुधवार

ताडपत्री निघाली. थोरले पहिल्यासारखे, जवळपास. काळपट, शांत, झाडीत उभे. आठवडाभर चिडलेलं माणूस निवल्यावर दिसतं तसे. खरं सांगायचं तर हेच रूप त्यांना शोभतं, हे आज मला कळलं. त्या सोन्यात त्यांचा चेहरा दिसतच नव्हता, नुसता उजेड दिसायचा.

ओताऱ्याने जाताना माझा हात हातात घेतला. "मालक, परत घासू नका हां." हसला आणि हात सोडेना. म्हणाला, "वहिनींना बघून आलो. मी विचारलं, कसं झालंय काम? म्हणाल्या, आमच्या ह्यांनी केलंय, वाईट कसं होईल?"

तर तिला कळलेलं नाही. मी देवाचे आभार मानले. एका खोटेपणासाठी देवाचे आभार मानणारा मी काही पहिला नसेन.

२७ जून, शनिवार

सकाळी घंटेला निघालो होतो. तिने हाक मारली, अगदी बारीक.

"थोरले?"

"आहेत."

"चमकताहेत."

मी खिडकीतून पाहिलं. दवाने भिजलेले, काळे. "हो," म्हटलं. "फार चमकताहेत."

तिने माझा हात धरला आणि भेगांवरून बोट फिरवलं. भेगा आता भरून आल्यात. म्हणाली, "जा. घंटेला उशीर होईल."

घंटा देऊन आलो तेव्हा मेहुणी दाराशी बसली होती. मला बघून उठली नाही, नुसती सरकली, वाट करून दिली.

४ जुलै, शनिवार

लिहायला हात होत नाही.

कप्तान येतो, पायरीवर बसतो, जातो. प्राचार्य आले होते, तेही त्याच पायरीवर बसले. त्यांना कोणी असं खाली बसलेलं पाहिलं नसेल.

८ जुलै, बुधवार

मेहुणी आज गेली. पिशवी भरून तयार झाली आणि मग म्हणाली, "भावजी, बसा जरा. ताईने शपथ घातली होती. ती होती तोवर पाळली. आता माझ्या पोटात मावत नाही."

मला ऐकायचं नव्हतं.

"तिला दिसत नव्हतं, भावजी."

"कमी दिसायचं. मला माहीत आहे."

"कमी नव्हे. मी आले तेव्हाच माझं तोंड तिने हाताने ओळखलं. त्याआधी नुसता उजेड-अंधार कळायचा, मग तोही गेला. तुम्ही शिडीवर असायचात तेव्हा मला विचारायची, आज कुठवर आले गं हे? मी सांगितलेलं तुम्हाला सांगायची. कधी मी नसायची, मग मनाने सांगायची."

मी चिडलो. मेहुणीवर आजवर आवाज चढवला नव्हता, तो चढवला. "मग मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं होतं? की उतरा खाली, उपयोग नाही?" तिने पदराने डोळे पुसले. "ती म्हणायची, शिडीवर आहेत तोवर ह्यांचं बरं आहे. उतरले की काय करतील?"

मी तिला गाडीपर्यंत पोचवलं. दुःखात माणूस काहीही बोलतं. एवढी वर्षं संसार केला, माझ्या बायकोला दिसत होतं की नाही हे मला कळणार नाही का? ओताऱ्याला ती काय म्हणाली? आणि त्या संध्याकाळी थोरल्यांकडे बघून पाणी कसं आलं तिच्या डोळ्यांत?

१३ जुलै, सोमवार

समारंभ कालच झाला. फुलं, भाषणं. थोरल्यांच्या नव्या रंगाचं सगळ्यांनी कौतुक केलं. मी घंटा दिली.

आज पलंगाचे पाय परत बसवायला घेतले. माळ्यावरून काढले, पाना शोधला. भोकं बघायला खाली बसलो, तर कंबरेत उसण भरली. म्हणून जरा आडवा झालो, तिच्या जागेवर, तिची उशी असायची तिथे डोकं ठेवून. इतक्या दिवसांत मी या बिछान्यावर कडेला बसलो, वाकलो, चादरी बदलल्या, पण तिच्या जागी कधी पडलो नव्हतो.

खिडकीकडे मान वळवली, ती वळवायची तशी.

समोर खिडकीच्या उंबऱ्याचं लाकूड होतं. त्याच्या वर आभाळाची पट्टी. कोपऱ्यात एका फांदीचं टोक. बस्स.

मला वाटलं, मी चुकीच्या बाजूला पडलोय. डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो. मान ताणली. कोपरावर रेलून अर्धा उठलो तेव्हा कुठे थोरल्यांचं डोकं दिसलं, पूर्ण बसलो तेव्हा खांदे. तिला उशीवरून मान उचलवत नव्हती. मेच्या अखेरीसही नाही आणि जूनमध्ये तर नाहीच. डोळे कसेही असते, एखाद्या घारीचे असते, तरी इथून काही दिसलं नसतं. आणि पलंगाचे पाय मीच काढले होते.

मी तिला रोज विचारायचो, म्हणून ती रोज सांगायची.

पाय बसवले नाहीत. तिथेच परत आडवा झालो. बाहेर सुट्टी संपवून आलेल्या विद्यार्थ्यांचे आवाज येत होते. लाकडावरचं ऊन हळूहळू वर चढत आभाळाच्या पट्टीला लागलं. मी त्या रिकाम्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिलो. मग ती ज्या आवाजात सांगायची त्याच आवाजात, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "दिसताहेत गं. चमकताहेत."